कन्व्हर्टर जास्त तापतो तेव्हा दोष कुठे शोधावा

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीत इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा एक फुगीर डबा बसवलेला असतो. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघणाऱ्या घातक वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम, आणि ते काम उष्णतेवाचून होत नाही. त्यामुळे कन्व्हर्टर गरम असणे हा दोष नव्हे, तो प्रमाणाबाहेर तापणे हा दोष. असा तापलेला कन्व्हर्टर बहुतेक वेळा मुळात बिघडलेला नसतो. जे इंधन इंजिनात जळायला हवे होते ते न जळता त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याच्या पोटात जळते. म्हणून निदान डब्यापासून सुरू झाले तरी संपते ते इंजिनापाशी. मूळ कारण न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही थोड्याच काळात त्याच वाटेने जातो.

रचना आणि काम

डब्याच्या आत कॉर्डिराइट नावाच्या सिरॅमिकचा ठोकळा असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी त्यात आरपार बारीक छिद्रे असतात. एका चौरस इंचात साधारण ४०० छिद्रे, आणि दोन छिद्रांमधली भिंत मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी पातळ. या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप असतो. त्यामुळे वायूंना भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. सगळे मिळून वजन काही ग्रॅमच. सोबत सिरियम ऑक्साइड असते. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते तो साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते. ठोकळा आणि डबा यांच्यामध्ये उष्णतेने फुगणारी तंतूंची चटई घातलेली असते. ती ठोकळ्याला आवळून धरते आणि रस्त्याचे हादरे झेलते.

कन्व्हर्टरमध्ये तीन कामे एकदम चालतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या हायड्रोकार्बनचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. ही तिन्ही कामे नीट व्हायची तर हवा आणि इंधन यांचे प्रमाण काटेकोर असावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ भाग पुरतात. आधुनिक गाडीत हा फरक इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने भरून काढतो. सेन्सर थकला असेल तर मात्र ताळमेळ चुकतो.

तापमानाच्या पायऱ्या लक्षात ठेवल्या की पुढचे सगळे समजते. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत कन्व्हर्टर जागाच होत नाही. ४०० ते ८०० अंशांत तो उत्तम काम करतो. ९०० ते ९५० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिला तर लेपातले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि कार्यक्षमता कायमची जाते. १४०० अंशांच्या पुढे सिरॅमिक वितळू लागते. वितळलेला भाग थंड झाल्यावर छिद्रे बुजलेला काचेसारखा गोळा उरतो, आणि धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही.

भारतात कन्व्हर्टर एप्रिल १९९५ मध्ये आला. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे प्लॅटिनमवर बसून त्याला निकामी करते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र येणे भाग होते. शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले ते फेब्रुवारी २००० पासून. धुरातील प्रदूषणाचे बीएस-४ मानक २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूर होते; सातारा-सांगलीला ते एप्रिल २०१७ मध्ये उर्वरित देशाबरोबर मिळाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरली. याचा व्यावहारिक अर्थ असा की सातारा-सांगलीकडच्या एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० पाटीच्या गाड्या एकाच गॅरेजमध्ये आल्या, तरी त्यांतले कन्व्हर्टर, सेन्सर आणि तपासणीच्या सोयी वेगवेगळ्या पिढ्यांच्या असतात. गाडी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या मानकाची हे आधी पाहावे लागते.

तापमान वाढते कसे

कन्व्हर्टरमध्ये आग लागायला इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र यावे लागतात. कोणता बिघाड किती धोकादायक, ते यावरूनच ठरते. धुरात एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल आणि तो पूर्ण जळण्याइतका ऑक्सिजनही असेल, तर वायूचे तापमान सुमारे ९० अंशांनी वाढते. गाडीचे मिश्रण नुसते इंधनबहुल, म्हणजे ‘रिच’, असेल तर धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो पण ऑक्सिजन नसतो. त्यामुळे उष्णता एका मर्यादेत राहते. मात्र कन्व्हर्टरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात फट असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि तेच रिच मिश्रण पेटते.

सर्वांत घातक ठरते ते मिसफायर. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी मिसिंग करते’. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधले सगळे इंधन आणि ते जाळायला पुरेल इतकी सगळी हवा, दोन्ही एकत्र बाहेर पडतात. चार सिलिंडरांपैकी एक पूर्ण बंद असेल तर इंधनाचा चौथा हिस्सा कन्व्हर्टरमध्ये जळतो. उष्णतेचा हिशेब मांडला तर एवढ्याने तापमानात चारशे ते पाचशे अंशांची भर पडू शकते. आधीच ७०० अंशांवर असलेला ठोकळा अशा वेळी काही मिनिटांत धोक्याच्या पातळीवर जातो.

त्यात एक दुष्टचक्रही आहे. मिसफायरमुळे न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. सेन्सरला इंधन दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. त्यामुळे मिश्रणात इंधन कमी आहे असा ईसीयूचा समज होतो आणि तो इंधन आणखी वाढवतो. वाढलेले इंधन पुन्हा कन्व्हर्टरमध्येच जळते. म्हणून स्कॅनरवर ‘लीन’ असा कोड दिसला तरी गाडीत इंधन खरोखरच कमी पडत आहे असे धरून चालत नाही. मिसफायर आहे का ते आधी बघावे लागते.

मिसफायरची नेहमीची कारणे म्हणजे झिजलेले स्पार्क प्लग, तडकलेली इग्निशन कॉइल, गळणारा किंवा चोंदलेला इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन गेलेला सिलिंडर. याशिवाय अडकलेला थर्मोस्टॅट किंवा चुकीचा आकडा देणारा कूलंट सेन्सर इंजिन थंडच आहे असे ईसीयूला भासवतो आणि मिश्रण सतत रिच ठेवतो. ठिणगी उशिरा पडत असेल तर ज्वलन एक्झॉस्ट व्हॉल्व उघडल्यावरही चालू राहते आणि धूर जास्त गरम निघतो. इंजिन ऑइल जाळणारी गाडी कन्व्हर्टरवर फॉस्फरस आणि राखेचे पुट चढवते. त्याने ठोकळा तापत नाही, पण हळूहळू निकामी होतो आणि चोंदतो.

सातारा-सांगलीचे रस्ते आणि सवयी

या दोन जिल्ह्यांत कन्व्हर्टरची परीक्षा घेणारे प्रसंग बरेच आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे येताना लागणारा खंबाटकी, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी, मेढ्याहून महाबळेश्वरकडे जाणारा केळघर, पोलादपूरकडून येणारा आंबेनळी आणि चिपळूणहून कोयनानगरकडे चढणारा कुंभार्ली, या घाटांत इंजिनावर सलग ताण असतो आणि वेग कमी असतो. धुराचे प्रमाण जास्त आणि गाडीखालून वाहणारी हवा कमी, त्यामुळे निरोगी गाडीचा कन्व्हर्टरही इथे वरच्या पातळीवर तापतो. सपाट रस्त्यावर न जाणवणारा अधूनमधूनचा मिसफायर घाटात उघडा पडतो, कारण दाब वाढला की प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि दुबळी कॉइल तिथे हार मानते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाड्यांच्या बाबतीतही गाडीखालची हवा अपुरीच पडते.

काही सवयी कन्व्हर्टरला मारक आहेत. बॅटरी उतरली म्हणून धक्का मारून गाडी सुरू करताना न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साचते आणि इंजिन सुरू होताच पेटते. कोणता सिलिंडर बंद आहे हे ओळखण्यासाठी चालू इंजिनच्या प्लगची वायर एकेक करून काढून पाहण्याची जुनी पद्धत तर मुद्दाम मिसफायर घडवते. आता हे काम स्कॅनरवर किंवा त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढून करता येते, म्हणजे इंधनही थांबते. उतारावर पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडून देणे हेही त्यातलेच. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेव्हा कच्चे पेट्रोल ओढले जाते. इंजेक्शनच्या गाडीत तर वाचण्यासारखे काही नसतेच. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की ईसीयू स्वतःच इंधन बंद करतो. वर ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते ती वेगळी.

दोन्ही जिल्ह्यांत अलीकडे सीएनजीच्या गाड्या वाढल्या आहेत. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मिश्रणाची जुळणी नीट नसेल तर मिसफायर होतो. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे प्लगची फट थोडी वाढली तरी फरक पडतो. शिवाय सीएनजी कोरडे इंधन आहे. मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात व्हॉल्वच्या सीट झिजतात, व्हॉल्वचे क्लिअरन्स कमी होते आणि शेवटी व्हॉल्व पूर्ण बसत नाही. प्लग आणि कॉइल बदलूनही मिसिंग जात नसेल तर अशा गाडीत क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन तपासणे भाग असते.

पाण्याचा प्रश्न सांगलीकरांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. शेकडो अंशांवर तापलेला ठोकळा पाण्यात गेला की सिरॅमिकला तडे जाऊ शकतात. ऑक्सिजन सेन्सरचाही आतला भाग सिरॅमिकचाच असल्यामुळे तोही तडकतो. उभ्या गाडीत पाणी शिरले असेल तर तडे जात नाहीत, पण गाळ एक्झॉस्टमध्ये बसतो आणि सेन्सरच्या सॉकेटला गंज चढतो. काही महिन्यांनी सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागतो, मिश्रण बिघडते आणि मग कन्व्हर्टर तापतो. पुरातून काढलेल्या गाडीच्या तपासणीत हे सॉकेट उघडून पाहणे म्हणून महत्त्वाचे.

लक्षणे

कन्व्हर्टर जास्त तापतो आहे हे चालकाला आधी कळते ते वासावरून आणि पायांवरून. पुढच्या सीटखालची फरशी नेहमीपेक्षा गरम लागते, खालचे रबर किंवा रंग जळाल्याचा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती हायड्रोजन सल्फाइडची खूण असते आणि मिश्रण रिच असल्याचा संशय घ्यावा. छिद्रे बुजू लागली की ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार येते. सपाटीवर गाडी ठीक असते, घाटात मात्र पाय दाबूनही वेग वाढत नाही आणि ॲव्हरेज घसरते. ठोकळा तुटून सुटला असेल तर स्पीडब्रेकरवर डब्यात खडे हलल्यासारखा खडखडाट होतो.

डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. अलीकडच्या गाड्यांत तोच दिवा उघडझाप करत असेल तर कन्व्हर्टरला इजा करणारा मिसफायर आत्ता चालू आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा वेग आणि भार लगेच कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. घाट चढून जाऊन बघू, हा हिशेब इथे महागात पडतो.

रात्री डबा किंवा त्याच्या आधीची नळी लालसर दिसणे हेही एक लक्षण. धातू साधारण ५२५ अंशांच्या पुढे अंधारात मंद लाल दिसू लागतो. लांब घाट पूर्ण भाराने चढून आल्यानंतर मॅनिफोल्डला अशी छटा दिसली तर एवढ्यावरून दोष ठरत नाही. गाडी उभी असून इंजिन आयडलवर चालू आहे आणि तरीही डबा लाल आहे, तर मात्र दोष नक्की.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी नजरेची. गाडी थंड असताना खालून पाहिले की बऱ्याच शंका फिटतात. कन्व्हर्टरभोवतीचा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, गंजून किंवा गतिरोधकाला घासून निखळला असेल तर फरशी तापते, पण कन्व्हर्टर स्वतः ठीक असतो. डब्याचा रंग बघावा. फिकट सोनेरी किंवा तपकिरी छटा नेहमीच्या उष्णतेची. गडद निळी-जांभळी छटा आणि खवले उठलेला पृष्ठभाग जास्त उष्णतेचा. जोडांवर काळ्या काजळीच्या रेषा असतील तर तिथे गळती आहे. शेवटी रबरी हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. भरीव आवाज आला तर ठोकळा जागेवर आहे.

दुसरी पायरी स्कॅनरची. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून बिघाडांचे कोड नोंदवणारी ओबीडी-२ व्यवस्था आली. तिचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतो. पी ०३०० म्हणजे कोणत्याही सिलिंडरमधला अनियमित मिसफायर, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमधला. पी ०१७२ रिच मिश्रणाचा, पी ०१७१ लीन मिश्रणाचा, आणि पी ०४२० कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा कोड. मिसफायरचा आणि पी ०४२० असे दोन्ही कोड एकत्र असतील तर मिसफायर हे कारण आणि पी ०४२० हा परिणाम असे धरून चालावे. कोड पुसण्याआधी त्यासोबत साठवलेला ‘फ्रीझ फ्रेम’ वाचावा. कोड पडला त्या क्षणी वेग, इंजिनवरचा भार आणि कूलंटचे तापमान किती होते हे त्यात असते. बिघाड घाटात झाला, थंड इंजिनावर झाला की सिग्नलला उभे असताना, ते त्यावरून कळते.

तिसरी पायरी चालू आकड्यांची. ‘फ्युएल ट्रिम’ म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. तो अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असणे सर्वसाधारण मानले जाते. उणे २० च्या आसपास असेल तर कुठून तरी जादा इंधन येत आहे: गळका इंजेक्टर, वाढलेला फ्युएल प्रेशर किंवा बिघडलेला सेन्सर. कन्व्हर्टरच्या आधीचा साध्या प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होतो. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचा सेन्सर पुढच्याची हुबेहूब नक्कल करू लागला तर ठोकळ्याची ऑक्सिजन साठवण्याची क्षमता संपली आहे. काही स्कॅनर कन्व्हर्टरचे तापमानही दाखवतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते मोजलेले नसते. ईसीयूने भार आणि मिश्रणावरून काढलेला तो अंदाज असतो.

चौथी पायरी प्लगची. काळी कोरडी काजळी म्हणजे रिच मिश्रण. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे ठिणगीच पडली नव्हती. तेलकट थर म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येत आहे. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर शोध त्या सिलिंडरपुरता मर्यादित होतो. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवावी. मिसफायरचा कोड तिच्यासोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर दोष कॉइलचा, जिथल्या तिथे राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा.

पाचवी पायरी तापमान मोजण्याची. इंजिन पूर्ण गरम करून काही मिनिटे २५०० फेऱ्यांवर ठेवावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने कन्व्हर्टरच्या आधीची आणि नंतरची नळी मोजावी. हीट शील्डवरचा आकडा उपयोगाचा नाही. चकचकीत स्टीलवर हे उपकरण खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. म्हणून दोन्ही ठिकाणी गंजट, मंद पृष्ठभाग निवडावा किंवा उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. उदाहरणार्थ, आधीच्या नळीवर ३२० आणि नंतरच्या नळीवर ३५० अंश असतील तर गाडी ठीक. आधुनिक गाडीत धूर मुळातच स्वच्छ असल्यामुळे फरक याहूनही कमी असू शकतो. नंतरची नळी दीडशे-दोनशे अंशांनी जास्त असेल तर कन्व्हर्टरमध्ये इंधन जळत आहे. नंतरची नळी बरीच थंड असेल तर ठोकळा निकामी तरी आहे किंवा बुजलेला तरी.

सहावी पायरी अडथळ्याची. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक बसवतात. आयडलला दाब दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांना तीन पीएसआयच्या आत असावा. त्याहून जास्त असेल तर वाट तुंबली आहे. सेन्सर निघत नसेल तर इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावतात. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला हा आकडा साधारण एक इंचाने उतरतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर, सातारा सुमारे ७४० मीटरवर आणि महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. म्हणजे पुस्तकातल्या आकड्यातून सांगलीत जवळपास दोन, साताऱ्यात अडीच आणि महाबळेश्वरात साडेचार इंच वजा करूनच गेज वाचायला हवा. नाहीतर चांगल्या इंजिनालाही दोषी ठरवले जाईल. खरी खूण म्हणजे गेजचा काटा कसा वागतो ती. इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर धरल्यावर काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर एक्झॉस्ट चोंदलेला आहे.

पीयूसीच्या आकड्यांचा उपयोग आणि मर्यादा

प्रदूषण तपासणीच्या पीयूसी केंद्रावरचे यंत्र या तपासणीला हातभार लावू शकते. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २०० ही मर्यादा आहे. हायड्रोकार्बन वाढलेले पण कार्बन मोनॉक्साइड कमी, असे दिसले तर मिसफायरचा संशय घ्यावा. दोन्ही वाढलेले असतील तर रिच मिश्रणाचा. मात्र हे मोजमाप सायलेन्सरच्या तोंडाशी होते. कन्व्हर्टर अजून जिवंत असेल तर तो इंजिनातली घाण जाळून टाकतो आणि गाडी पीयूसीत पास होते. पास झालेली गाडी आतून मिसिंग करत असू शकते. त्याची किंमत कन्व्हर्टर उष्णतेच्या रूपाने मोजत असतो. म्हणून तापण्याची तक्रार असेल तेव्हा पीयूसीचा दाखला इंजिन निर्दोष असल्याचा पुरावा मानता येत नाही.

डिझेल गाड्यांचे वेगळेपण

बीएस-६ डिझेल मोटारींत कन्व्हर्टरसोबत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी ईसीयू ठराविक काळाने जादा इंधन सोडून फिल्टर ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवतो. या काळात गाडी जास्त गरम होणे, आयडल किंचित वाढणे आणि बंद केल्यावरही पंखा चालणे हे सगळे नेहमीचे आहे. वाहन फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्यांत चालले तर हे चक्र अर्धवट राहते, काजळी वाढत जाते आणि जादा इंधन इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर हे लक्षात यावे. धोका निर्माण होतो तो काजळीने भरलेला फिल्टर जळत असताना इंजिन अचानक आयडलवर आले तर. धुराचा प्रवाह कमी होतो, ऑक्सिजन वाढतो, उष्णता बाहेर वाहून नेणारे काही राहत नाही आणि फिल्टर हजार अंशांच्या पुढे जाऊन तडकू शकतो. निदान करताना फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक, आधी-नंतरची तापमाने आणि दोन शुद्धीकरणांमधले अंतर हे तीन आकडे स्कॅनरवर पाहतात.

आगीची काळजी

तापलेल्या कन्व्हर्टरच्या डब्याचे बाहेरचे तापमान वाळलेले गवत पेटण्याइतके असू शकते. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचे गवत वाळते, ऊस तुटलेल्या शेतात पाचट पसरलेले असते, आणि काही ठिकाणी मळणीसाठी पीक रस्त्यावरच पसरतात. घाट चढून आलेली किंवा डीपीएफचे शुद्धीकरण चालू असलेली गाडी अशा जागी उभी करू नये. पिकावरून गेल्यावर गाडीखाली काड्या अडकल्या असतील तर काही अंतरावर थांबून त्या काढाव्यात. निखळलेली हीट शील्ड म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.

दुरुस्ती आणि खात्री

तपासणीच्या शेवटी तीन शक्यता उरतात. मिसफायर किंवा रिच मिश्रण वेळेत सापडले आणि आधी-नंतरचे आकडे सुधारले तर कन्व्हर्टर वाचतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करत असेल, पण दाब ठीक असेल, तर कार्यक्षमता गेलेली आहे. दाबही वाढलेला असेल तर ठोकळा वितळलेला किंवा तुटलेला आहे. शेवटच्या दोन्ही स्थितींत बदलण्यावाचून इलाज नाही. ठोकळा फोडून रिकामा डबा परत बसवणे किंवा सरळ नळी टाकणे नियमबाह्य आहे. मागचा सेन्सर ते ताबडतोब ओळखतो आणि पी ०४२० परत येतो. स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी असतो, त्यामुळे तो लवकर थकतो; गाडीच्या मॉडेलला आणि मानकाला जुळणाराच भाग घ्यावा.

नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी मूळ दोष दूर झालेला असावा, जोडांतली गळती बंद केलेली असावी आणि तुटलेल्या ठोकळ्याचे तुकडे नंतरच्या नळीत राहिलेले नसावेत. त्यानंतर स्कॅनर लावून गाडी भाराखाली, शक्यतो एखाद्या चढावर, चालवून पाहावी. मिसफायरचा आकडा शून्य, फ्युएल ट्रिम दहा टक्क्यांच्या आत, मागच्या सेन्सरची रेषा स्थिर आणि आधी-नंतरच्या नळ्यांच्या तापमानात थोडाच फरक, हे चारही जुळले की दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे.